मैनेची ओळ

२ मे

ती. अक्का,

खुशाली मागाहून, आधी बातमी. तुझा धाकटा भाऊ या वयात तंबूत झोपायला निघालाय!

मुलाला जोडून सुट्टी आली आहे आणि सूनबाईने तळ्याकाठची जागा हेरून ठेवली आहे. मुलगा नवा, चुटकीसरशी उभा राहणारा तंबू आणणार होता. मी म्हटलं, खबरदार! अप्पांच्या हातचा तंबू माळ्यावर असताना विकतचा आणशील तर.

"बाबा, तो तंबू आहे की हत्ती?"

"हत्तीच आहे. म्हणून वाऱ्याला हलत नाही."

गेल्या आठवड्यात खाली उतरवला. कॅनव्हासची घडी उलगडली तसा मेणाचा, दोरांचा आणि कुठल्या तरी जुन्या पावसाचा असा वास आला की मी जिन्यातच बसलो. डोळ्यांपुढे दुकानाची मागची खोली. अप्पा शिलाई मारतायत, आपण पाचजण कापडाच्या गुंडाळ्यांमागे लपलोय, आणि मशीनच्या खडखडाटावरून त्यांची हाक येते, "ओळी!" मग ज्याने त्याने वयाच्या क्रमाने आपली ओळ म्हणायची. बाजारात, नदीवर, स्टेशनात, सगळीकडे आपली मोजदाद अशीच व्हायची.

पुढे पुढे ढग धावे,
ढगामागे वारा,
वाऱ्यामागे सर नाचे,
सरीमागे गारा,
गारांमागे ऊन म्हणे, मेळा जमला सारा!

शाळेत पुढे मोठमोठ्या कविता पाठ केल्या, आजही पडल्या पडल्या त्या म्हणत असतो. पण उसवलेली शिवण जोडता जोडता अप्पांनी जुळवलेल्या या गाण्याची सर कशालाच नाही. त्यातल्या तीन ओळी आता बेवारस झाल्या, अक्का. म्हणून मी घरात नवी वाटणी केली. ढग मुलाला. वारा सूनबाईला, तिचा कामाचा सपाटा बघता तोच शोभतो. सर थोरल्या नातीला. अकरा वर्षांची आहे, पण सगळ्यांना शिकवत सुटते म्हणून तिला मास्तरीण म्हणतो. तुझ्या गारा तुला न विचारता धाकटीला दिल्या. ऊन माझं मी ठेवलं.

धाकटी सहाची झाली. नाव मैना, पण चोच उघडेल तर शपथ! माझ्या कानाशी कुजबुजते, तेही नेमकी बहिऱ्या कानाशी. चारचौघांत तर ओठ शिवलेले. सराव करताना तिची पाळी आली की ती ताईकडे बघते, आणि मास्तरीण बारीक नाकातला आवाज काढून "सरीमागे गारा" म्हणून टाकते. हुबेहूब मैना! माझी पाळी आली की तीच माझं कोपर ढोसते. म्हणजे मोजदादीचा अर्धा कारभार तिचाच.

परवा गंमत झाली. मुलाने स्वयंपाकघरातून "ओळी!" म्हणून हाक दिली, आम्ही तिघं माडीवर. पाचही ओळी झाल्या आणि सूनबाई जिना चढत आली, डोळे भरलेले. "मैना बोलली! एवढ्या मोठ्याने बोलली!" मैना हसली. मास्तरणीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. एवढा आनंद मोडायचा कुणी?

तुझा,
धाकटा


७ मे

चि. धाकट्या,

माझी ओळ परस्पर देऊन टाकलीस! असो, उष्टी असली तरी चांगल्या तोंडी गेली. तंबूत जरूर झोप, फक्त गुडघ्यांना विचारून घे, नाहीतर ऊन म्हणेल मेळा जमला आणि तुला उठवायला चौघे लागतील.

पण तुझी ती 'गंमत' माझ्या घशाखाली उतरली नाही. माझा घसा बसला होता तेव्हा थोरल्याने माझी ओळ म्हटली होती, आठवतं? अप्पांनी मशीन थांबवलं. उठले, गुंडाळ्यांमागून मला शोधून काढलं, डोक्यावर हात ठेवला, आणि मगच पुन्हा पायटा मारला. ते गाणं ऐकत नव्हते रे, माणसं मोजत होते.

सूनबाईला खरं काय ते सांग. थोडी रडेल, मग हसेल. निघायच्या आधी सांग.

अक्का


१६ मे

ती. अक्का,

सहल झाली. हवा जरा बिघडली. तंबू फाटला. मैनेच्या हाताला थोडं लागलं आहे. बाकी मंडळी घरी आहेत. काळजी नसावी.

सूनबाईला इतक्यात पत्र घालू नकोस, तिला कामं फार आहेत.

धाकटा


२० मे

चि. सूनबाई,

हे पत्र तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर घालते आहे, त्यावरून काय ते समज.

माझ्या भावाने चार ओळींत सहल संपवली. हा माणूस दाढ दुखली तर दोन पानं लिहितो, त्यातलं एक चंद्रावर. तळ्याकाठी राहून आला आणि पत्रात पाण्याचा थेंब नाही. 'बाकी मंडळी घरी आहेत' म्हणतो. बाकी म्हणजे कोण? मैना कुठे आहे?

मी म्हातारी आहे, काचेची नाही. जे झालं ते सांग.

अक्का आत्या


२५ मे

ती. आत्याबाई,

मैना आहे. आधी तेवढं लिहिते. दवाखान्यातून घरी आली, हात प्लास्टरमध्ये आहे, ताप उतरला.

स्टुलावर बसून लिहिते आहे. समोर बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्यात, पण त्या वाकड्या लागतात.

दुपार होती. तळं अगदी आरसा. चुलीवर बटाटे उकडत होते, बाबा फळीवर बसून गुणगुणत होते, कानातलं यंत्र भिजू नये म्हणून त्यांनी डब्यात ठेवलं होतं. मैना काठावर पालथ्या घातलेल्या बोटींपाशी खेळत होती. पलीकडे डोंगराशी एक काळी पट्टी दिसली. हे म्हणाले, "येईल सावकाश, चहा होऊन जाऊ दे." चहा ओतून होत नाही तोच अंधारलं. वारा आला तो एकदम अंगावरच आला. तंबूच्या खुंट्या दात उपटावेत तशा उपटल्या, कापड मधोमध फाटलं. मग गारा. लिंबाएवढ्या. पातेल्याला पोचे पडले, आत्याबाई. डोळा उघडायची सोय नव्हती. फाटक्या तंबूचा एक तुकडा मी आणि ह्यांनी डोक्यावर ओढला, दुसरा बाबांनी आणि थोरलीने. आणि हे ओरडले, "ओळी!"

ह्यांची झाली. माझी झाली. थोरलीची ऐकली. मैनेची ऐकली. माझ्या ह्या कानांनी ऐकली. मग बाबांची. हे म्हणाले, "पळा!"

मला वाटलं मैना बाबांच्या कापडाखाली आहे. त्यांना वाटलं आमच्या.

वर चढावर पत्र्याची शेड होती. आणखीही माणसं घुसली होती. राखणदाराने अडसर घालून दार पाठीने दाबून धरलं. पत्र्यावर असा मारा की स्वतःचा श्वास ऐकू येईना. जरा कमी झाल्यावर मी बाबांच्या कापडाची कड उचलली. खाली चारच पाय होते.

दार उघडलं तर काठ नव्हता. आमची चूल होती त्याच्याही पुढे पाणी आलं होतं, त्यावर गारांचा पांढरा थर तरंगत होता. बोटींची रांग जागेवर नव्हती, वाहत जाऊन खालच्या झाडांत अडकली होती. हे आणि राखणदार कंबरभर पाण्यात एकेक बोट उलटवत गेले. बोट उलटायची आणि आत नुसतं काळं पाणी. पुन्हा पुढची. मी काठावरून ओरडत होते, "मैना, बोल! ओळ म्हण!" मला वाटत होतं, मघाशी बोलली होती, आता का बोलत नाही?

एका बोटीखाली ती आडव्या फळीला लटकून होती. हनुवटीपर्यंत पाणी. डोळे सताड उघडे. हे विचारत राहिले, "बाळा, हाक का नाही मारलीस? एक हाक?" ती नुसती बघत राहिली. अजूनही विचारलं की तशीच बघते.

दवाखान्याच्या बाकावर ह्यांनी विचारलं, "तिची ओळ म्हटली कुणी?" थोरली पांढरीफटक पडली. बाबा म्हणाले, "मी. माझ्याच नादात होतो, निघून गेली तोंडातून." हे म्हणाले, "बाबा, तुमच्या कवितांपायी माझी पोर..." पुढचं बोलले नाहीत. ते अर्धं वाक्य आता रोज आमच्याबरोबर जेवायला बसतं. हे बाबांशी कामापुरतंही बोलत नाहीत. थोरलीने तर बोलणंच टाकलंय. मला बाबांचा राग येतो, आणि आला की लाज वाटते.

एकच विचारते. त्या संध्याकाळी माडीवरून मैनेची ओळ ऐकली आणि मी जिन्यात रडले होते. ती तरी खरी होती ना हो?

सूनबाई


२९ मे

चि. धाकट्या,

तीनदा लिहायला बसले, तीनदा पेन ठेवलं. चारच पाय होते, हे वाक्य डोळ्यांपुढून हलत नाही.

सूनबाईने सगळं कळवलं. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण तिने जे विचारलंय त्याचं उत्तर देणं माझं काम नाही. तुझं आहे.

तू खोटं बोललास. यंत्र डब्यात, डोक्यावर गारा. तुला मुलाची हाकसुद्धा ऐकू आली नसेल. कोपराला ढोसणी बसली तेव्हा तू 'गारांमागे ऊन' म्हणालास, त्याआधी तुझ्या तोंडून चकार शब्द निघालेला नाही. ती ओळ मास्तरणीने म्हटली. सवयीने म्हटली. बिचारीला वाटलं असेल मैना आईच्या पदराखाली आहे आणि लाजतेय.

पोरीवर छत्री धरायला गेलास, कळतं मला. पण ती कोरडी राहिली का रे? बोलायची बंद झाली म्हणते तिची आई. पोरीने मैनेची ओळ म्हटली, तू आता मास्तरणीची म्हणून मोकळा झालास. तुमच्या घरात दुसऱ्याची ओळ म्हणायची हौस तरी किती जणांना आहे!

तिला बोलतं कर. नाहीतर मी गाडीत बसून येते, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे.

अक्का


४ जून

ती. अक्का,

तुझ्यापुढे माझं खोटं लहानपणीही टिकलं नाही.

शेडमध्ये सूनबाईने कापडाची कड उचलली आणि जी किंकाळी फोडली, ती मला यंत्राशिवाय ऐकू आली. त्याच क्षणी मास्तरणीने माझा सदरा मुठीत धरला आणि चांगल्या कानाशी तोंड लावून म्हणाली, "आजोबा, मी म्हटली. मला वाटलं ती आईकडे आहे." मग बाकावर मुलाने विचारलं, तेव्हा मी पोरीकडे पाहिलं. पाटीवर चेहरा काढावा आणि ओल्या बोळ्याने पुसावा, तशी दिसत होती. 'मी' हा शब्द मी ठरवायच्या आधीच निघून गेला.

आणि तसं पाहिलं तर खोटं ते किती? खेळ मी मांडला. सूनबाई जिन्यात रडली तेव्हा खिडकीबाहेर मीच पाहत होतो. तू सांग म्हणालीस, तरी सांगितलं नाही. मुलगा माझ्याकडे बघत नाही ते बरोबरच आहे.

काल मास्तरणीला म्हटलं, आपण दोघं मिळून सांगू या का? तिने मान हलवली. म्हणाली, "मग बाबा माझ्याकडेपण तसंच बघतील."

"कसं?"

"तुमच्याकडे बघतात तसं."

तू म्हणतेस बोलतं कर. मी तिला शब्द दिलाय, तो मोडवत नाही. मैना तर तशीही मुकी. एका घरात आता चार माणसं गप्प आहेत आणि सूनबाई एकटी भांड्यांशी बोलते.

पडल्या पडल्या कविता आठवू पाहतो. एकही येत नाही. अप्पांचं गाणंसुद्धा 'सर नाचे'पर्यंत जातं आणि थांबतं. पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं की काळं पाणी दिसतं.

येऊ नकोस. थोडी कळ काढ.

धाकटा


१३ जून

ती. अक्का,

हे आजच लिहितो. उद्या लिहिलं तर मी त्याला सजवीन, आणि ते सजवण्यासारखं नाही.

मैनेचं प्लास्टर काढायला सगळे गाडीतून निघालो. मुलगा आता 'ओळी' म्हणत नाही. गाडी सुरू करायच्या आधी मागे वळतो आणि मुलींच्या डोक्यांना हात लावून बघतो. अप्पांसारखा. त्याला अप्पांचं ते ठाऊकही नाही. माझ्या डोक्यापर्यंत त्याचा हात येत नाही. तसा आजही आला नाही. मागच्या सीटवर मी खिडकीशी, मधे मैना, पलीकडे मास्तरीण. मुलाने किल्ली फिरवली.

आणि मैना बोलली. कुजबुज नव्हे. मोठा, घोगरा, आम्ही कुणी कधी न ऐकलेला आवाज. मास्तरीण काढते तसा तो मुळीच नाही, अक्का.

"माझी ओळ ताईने म्हटली होती."

मुलाने किल्ली उलटी फिरवली. "काय?"

"आजोबांनी नाही. ताईने. मला बोटीखाली ऐकू आली."

सूनबाई वळली. तिचा चेहरा मला लिहिता येणार नाही. "ऐकू आली? मग तू हाक का नाही मारलीस गं?"

आईला साधी बेरीज कशी येत नाही, अशा नजरेने मैनेने पाहिलं. "मोजलं ना मला. मला वाटलं, मी तुमच्याबरोबरच आहे."

"अगं पण पाणी आलं तेव्हा?"

"तेव्हापण. तुम्हाला माहितीय असं वाटलं."

अक्का, लहानपणापासून मी त्या गाण्यात राहिलो. त्याची ऊब पोरांना द्यावी म्हणून ते वाटलं. ती तिथे अंधारात, हनुवटीएवढ्या पाण्यात, फळीला धरून गप्प राहिली, का, तर आपण मोजले गेलोय म्हणून!

मग मास्तरणीच्या घशातून जो आवाज निघाला, तो माणसाच्या पोराचा वाटत नव्हता. मुलगा उतरला, पलीकडचं दार उघडलं, तिला ओढून बाहेर काढलं. मला वाटलं, मारतो आता. मी दाराला हात घातला. बघतो तर हा रस्त्यात गुडघ्यांवर बसलाय, आणि पोरीचं डोकं छातीशी असं धरलंय की तिची वेणी सुटली. ती म्हणतेय, "मला वाटलं ती आईकडे आहे," आणि हा म्हणतोय, "मला वाटलं ती तुमच्याकडे आहे गं, मलाही तसंच वाटलं." मागची गाडी भोंगा वाजवत होती. हा तसाच बसून त्या गाडीवाल्यावर खेकसला, "थांबा हो! माणसं मोजतोय!"

नंतर माझ्या खिडकीशी आला.

"बाबा, तुम्ही का म्हणालात मी म्हणून?"

आयुष्यभर शब्द जमवले, अक्का, आणि ऐन वेळी खिसा रिकामा. म्हटलं, "तू काय विचारलंस ते नीट ऐकू आलं नाही."

तो हसला नाही. पण खिडकीतून हात आत आला आणि माझ्या टकलावर टेकला. बर्फासारखा गार हात. मी डोळे मिटले. त्याने ते अर्धं वाक्य काही पुरं केलं नाही, आता करणारही नाही.

मी सूनबाईला म्हटलं, "त्या दिवशी माडीवरूनही ताईच बोलली होती. मला माहीत होतं." ती म्हणाली, "कळलं." एवढंच. रागावली आहे, आणि ते तिचं येणं आहे माझ्याकडे. पण साऱ्या वाटेत ती पुढे तोंड करून बसलीच नाही, मैनेकडे वळून होती.

गाडी सुरू व्हायच्या आधी मैना म्हणाली, "आधी विचारा."

मुलाने विचारलं, "कोण कोण आहे?"

"मी आहे," सूनबाई म्हणाली. "मी आहे," मास्तरीण म्हणाली, नाक ओढत. मास्तरणीने सवयीने मैनेमागून हात घालून मला ढोसलं, मी म्हटलं, "मी आहे." मग सगळे थांबलो. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. मास्तरणीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"मी आहे," मैना म्हणाली.

यमक नाही, ताल नाही. अप्पांनी उसवून पुन्हा शिवायला लावली असती अशी कविता.

घरी आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. गुंडाळ्यांमागच्या त्या पाचांत आपण दोघंच उरलो, आणि मी मात्र पाचही ओळी स्वतःशीच म्हणून मेळा जमला असं समजत आलो. इथून तुझ्या डोक्यापर्यंत माझा हात पोचत नाही, अक्का. तेव्हा हे मिळताच लिही. मोठं नको.

धाकटा


१७ जून

चि. धाकट्या,

मी आहे.

अक्का